पंचाचा निवाडा

फुटबॉलइतका साधा खेळ क्वचितच दुसरा असेल. चेंडू प्रतिपक्षाच्या गोलात घालावयाचा आणि आपल्या गोलात येऊ द्यावयाचा नाही, एवढे समजले की लहान मूलही हा खेळ खेळू लागते. या खेळाचे सारे नियम अवघ्या सतरा कलमांत मावतात. परंतु खेळ जितका साधा, तितकाच त्याचा निवाडा कठीण. आंतरराष्ट्रीय सामन्याचे मैदान सामान्यतः १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद असते. त्यावर बावीस खेळाडू नव्वद मिनिटे धावत असतात. चेंडू कधी पायाला, कधी डोक्याला, कधी गुडघ्याला लागून क्षणोक्षणी दिशा बदलतो. या साऱ्या धावपळीत खेळाबरोबर धावणारा मुख्य पंच एकच असतो. त्याच्या मदतीस मैदानाच्या दोन लांब कडांवर हाती निशाण घेतलेले दोन सहायक पंच असतात. पंचाला विचार करावयास सवड नसते. डोळ्यांसमोरून जे क्षणभर चमकून गेले, त्यावरून त्याला तत्काळ निर्णय द्यावा लागतो.

‘पाचामुखी परमेश्वर’ अशी मराठीत एक म्हण आहे. पाच जाणत्या माणसांच्या मुखातून जो निकाल निघतो तो देवाचाच कौल समजावा, असा तिचा आशय. मैदानावरील पंचाचा शब्दही असाच अखेरचा मानला जातो. पण पंच हाही माणूसच! त्याची दृष्टी चुकली तर काय करावे? एका संघाने वर्षानुवर्षे केलेली तपश्चर्या एका चुकीच्या शिट्टीने वाया गेली, तर न्याय कोणाकडे मागावा? हा प्रश्न फुटबॉलपुढे फार काळ उभा होता. त्याचे उत्तर कसे शोधण्यात आले, ही हकीकत मोठी उद्बोधक आहे.

लंडन शहरात १८६३ साली फुटबॉल असोसिएशन ही संस्था स्थापन झाली आणि तिने खेळाचे नियम लिहून काढले. नवलाची गोष्ट अशी की, त्या पहिल्या नियमांत पंचाचा उल्लेखच नव्हता. सभ्य माणूस जाणूनबुजून नियम मोडणार नाही आणि वाद झालाच तर दोन्ही संघनायक तो आपसांत मिटवतील, अशी त्या वेळची समजूत होती. परंतु सामने चुरशीचे होऊ लागले तशी ही समजूत अपुरी पडू लागली. मग प्रत्येक संघ आपला एक निर्णायक आणू लागला. साहजिकच या दोघांचेही एकमत होईना. तेव्हा त्यांचा वाद ज्याच्याकडे सोपवावयाचा, असा तिसरा मनुष्य मैदानाबाहेर बसविण्यात आला. ज्याच्याकडे वाद सोपविला जातो, तो ‘रेफरी’. १८९१ साली हा रेफरी मैदानाच्या आत आला, शिट्टी त्याच्या हाती आली आणि पूर्वीचे दोन निर्णायक कडेवर उभे राहून त्याला साहाय्य करू लागले. मुंबईची विख्यात रोव्हर्स चषक स्पर्धा सुरू झाली तीही त्याच वर्षी.

पुढे हा खेळ जगभर पसरला. निरनिराळ्या देशांचे संघ एकमेकांशी खेळू लागले. पंच एका देशाचा, खेळाडू दुसऱ्या देशाचे, भाषा तिसरीच, असे प्रसंग येऊ लागले. पंचाचे म्हणणे सर्वांना कळावे म्हणून १९७० सालच्या मेक्सिकोतील विश्वचषक स्पर्धेत पिवळे व लाल कार्ड वापरात आले. केन ॲस्टन या इंग्रज पंचाला ही कल्पना रस्त्यावरच्या वाहतुकीच्या दिव्यांवरून सुचली होती. पिवळे कार्ड म्हणजे ताकीद आणि लाल कार्ड म्हणजे मैदानाबाहेर जाण्याची आज्ञा. ही रंगांची भाषा कोणालाही शिकवावी लागत नाही. पण कार्डांमुळे पंचाचे बोलणे स्पष्ट झाले, त्याची दृष्टी मात्र होती तेवढीच राहिली.

ही दृष्टी किती अपुरी पडू शकते, हे तीन प्रसंगांवरून ध्यानात येते.

पहिला प्रसंग ३० जुलै १९६६ रोजीचा. लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंड आणि पश्चिम जर्मनी यांच्यात विश्वचषकाचा अंतिम सामना चालू होता. नव्वद मिनिटांत दोन्ही संघांचे दोन-दोन गोल झाले होते, म्हणून जादा वेळ देण्यात आला. त्या वेळात, सामन्याच्या एकशेएकाव्या मिनिटाला, इंग्लंडच्या जेफ हर्स्टने जोरदार फटका मारला. चेंडू गोलच्या आडव्या दांडीच्या खालच्या बाजूवर आदळला, थेट खाली जमिनीवर पडला आणि उसळून बाहेर आला. तो गोलरेषेच्या आत पडला की रेषेवर? इंग्लंडचे खेळाडू आनंदाने हात उंचावू लागले. जर्मनीचे खेळाडू मान हलवून नकार देऊ लागले. स्वित्झर्लंडचे पंच गॉटफ्रीड डीन्स्ट यांना निश्चित काही दिसले नव्हते. ते धावत कडेवरच्या सहायकाकडे गेले. सोव्हिएत संघातील अझरबैजानचे तोफिक बहरामोव्ह यांनी गोल झाल्याची खूण केली आणि गोल दिला गेला. इंग्लंडने पुढे तो सामना ४-२ असा जिंकला. तो चेंडू खरोखर रेषेपलीकडे गेला होता का, याबद्दलचा वाद आजही संपलेला नाही. दांडीवर आपटून खाली पडणाऱ्या अशा चेंडूला जर्मनीत ‘वेम्बली गोल’ हे नावच पडले.

दुसरा प्रसंग २२ जून १९८६ रोजी मेक्सिको सिटीच्या अझ्टेका मैदानावर घडला. अर्जेंटिना आणि इंग्लंड यांचा उपांत्यपूर्व सामना होता. उत्तरार्ध नुकताच सुरू झाला होता. उंच उडालेला एक चेंडू इंग्लंडच्या गोलसमोर खाली येत होता. तो पकडण्यासाठी इंग्लंडचा धिप्पाड गोलरक्षक पीटर शिल्टन पुढे झेपावला आणि अर्जेंटिनाचा ठेंगणा संघनायक दिएगो मॅराडोना यानेही उडी घेतली. चेंडू शिल्टनच्या डोक्यावरून जाळ्यात गेला. प्रेक्षकांना वाटले, मॅराडोनाने तो डोक्याने मारला. वस्तुतः त्याने डोक्याजवळ उंचावलेल्या डाव्या मुठीने चेंडू ढकलला होता. गोलरक्षकाखेरीज कोणाही खेळाडूने चेंडूला हाताने गोलात धाडणे हा उघड नियमभंग होय. पण ट्युनिसियाचे पंच अली बिन नासर यांना तो हात दिसला नाही. त्यांनी सहायकाकडे पाहिले. सहायकाचे निशाण वर गेले नाही. गोल दिला गेला. सामन्यानंतर मॅराडोनाने सांगितले की, त्या गोलात थोडे आपले डोके होते आणि थोडा ईश्वराचा हात होता! पुढे केवळ चार मिनिटांनी त्याच मॅराडोनाने आपल्या अर्ध्या मैदानातून चेंडू घेऊन, एकामागून एक प्रतिस्पर्ध्यांना चुकवीत जो दुसरा गोल केला, तो फुटबॉलच्या इतिहासातील अत्यंत सुंदर गोलांपैकी एक मानला जातो. एकाच माणसाची लबाडी आणि प्रतिभा एकाच सामन्यात जगाने पाहिली. अर्जेंटिनाने तो सामना २-१ असा आणि पुढे विश्वचषकही जिंकला.

तिसरा प्रसंग दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन शहरी २७ जून २०१० रोजी घडला. पुन्हा इंग्लंड आणि जर्मनी हेच संघ समोरासमोर होते. जर्मनी २-१ अशी पुढे असता इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डचा फटका आडव्या दांडीवर आदळला आणि गोलरेषेच्या चांगलाच आत पडून बाहेर उसळला. या वेळी शंकेला जागाच नव्हती. घरोघरी दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या कोट्यवधी माणसांना चेंडू आत पडलेला स्पष्ट दिसला. फक्त ज्यांनी निर्णय द्यावयाचा, त्या पंचांना तो दिसला नाही! खेळ पुढे चालू राहिला. बरोबरी हुकलेल्या इंग्लंडचा अखेर १-४ असा पराभव झाला.

या तिसऱ्या प्रसंगाने जगाला विचार करावयास लावले. १९६६ साली पंचांना जेवढे दिसत होते, जवळजवळ तेवढेच प्रेक्षकांनाही दिसत होते. पण २०१० साली परिस्थिती उलटी झाली होती. मैदानाभोवती अनेक कॅमेरे लागले होते. तेच दृश्य चार बाजूंनी, संथ गतीने, पुन्हा पुन्हा दाखविता येत होते. दूरच्या खेड्यात बसलेल्या मुलालाही सत्य दिसत होते आणि मैदानाच्या मधोमध उभ्या असलेल्या पंचालाच तेवढी डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखी होती. गांधारीने पट्टी स्वेच्छेने बांधली होती; पंचाला ती नियमाने बांधली होती.

येथे एक शंका कोणालाही येईल. क्रिकेटमध्ये तर कॅमेऱ्याची मदत कितीतरी आधीपासून घेतली जात होती. १९९२ सालच्या नोव्हेंबर महिन्यात दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथे भारताविरुद्धच्या कसोटी सामन्यात दूरचित्रवाणीवर दृश्य पाहून निर्णय देणारा तिसरा पंच प्रथमच नेमण्यात आला. त्याच्या निर्णयाने धावबाद ठरलेला पहिला फलंदाज म्हणजे मुंबईचा सचिन तेंडुलकर. मग फुटबॉलला इतका उशीर का झाला?

याचे उत्तर दोन्ही खेळांच्या स्वभावात आहे. क्रिकेटचा खेळ प्रत्येक चेंडूनंतर आपोआप थांबतो. गोलंदाज परत जाऊन धाव घेईपर्यंत जो वेळ मिळतो, त्यात चित्रफीत पाहता येते. फुटबॉल हा वाहत्या नदीसारखा आहे. चेंडू एका टोकाला असताना घडलेल्या घटनेचा निर्णय लागेपर्यंत तो दुसऱ्या टोकाच्या गोलातही पोचलेला असतो. वरचेवर खेळ थांबविला तर त्यातील वेग आणि गोडी दोन्ही नाहीशी होतील, अशी अनेक जाणकारांना भीती वाटत होती. शिवाय फुटबॉलचे नियम सहजासहजी बदलता येत नाहीत. ते ठरविणारे मंडळ १८८६ साली स्थापन झालेले आहे. त्यात इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड यांचे प्रत्येकी एक मत आणि जागतिक फुटबॉल महासंघ म्हणजे फिफा या संस्थेची चार मते असतात. आठांपैकी सहा मते मिळाल्यावाचून नियमात बदल होत नाही.

तथापि, ब्लूमफाँटेनच्या त्या गोलानंतर मंडळाला पाऊल उचलणे भाग पडले. जुलै २०१२ मध्ये गोलरेषेवर नजर ठेवणाऱ्या यंत्रांना मान्यता मिळाली आणि २०१४ सालच्या ब्राझीलमधील विश्वचषक स्पर्धेत ती बसविण्यात आली. प्रत्येक गोलवर सात, असे एकूण चौदा वेगवान कॅमेरे चेंडूची जागा सतत मोजत असत. चेंडू रेषेपलीकडे गेला की, एका सेकंदाच्या आत पंचाच्या मनगटावरील घड्याळात तशी सूचना उमटे. १५ जून २०१४ रोजी फ्रान्स आणि होंडुरास यांच्या सामन्यात या यंत्राच्या साहाय्याने विश्वचषकातील पहिला गोल दिला गेला. खेळ क्षणभरही थांबवावा लागला नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ असे असते, तेथे यंत्र माणसाहून सरस ठरते, हे यावरून सिद्ध झाले.

पण फुटबॉलमधील पुष्कळसे प्रश्न असे सरळ नसतात. खेळाडू आपणहून पडला की त्याला पाडण्यात आले? चेंडू हाताला लागला की हात चेंडूला लावला? अशा प्रश्नांसाठी मोजमाप पुरत नाही. पाहणारा आणि पारखणारा माणूसच हवा. म्हणून ‘व्हिडिओ सहायक पंच’ ही नवी योजना पुढे आली. १ सप्टेंबर २०१६ रोजी इटलीतील बारी शहरी इटली आणि फ्रान्स यांच्यातील मैत्रीपूर्ण सामन्यात ती आंतरराष्ट्रीय संघांसाठी अजमावून पाहण्यात आली. मार्च २०१८ मध्ये तिला नियमांत स्थान मिळाले आणि त्याच वर्षी रशियातील विश्वचषक स्पर्धेत ती सर्वच्या सर्व ६४ सामन्यांत वापरली गेली.

या योजनेची रीत समजून घेण्याजोगी आहे. रशियातील सामने अकरा शहरांत होत होते. पण व्हिडिओ पंच मात्र मॉस्कोतील एकाच दालनात पडद्यांसमोर बसत. प्रत्येक मैदानावरील ३३ कॅमेऱ्यांची दृश्ये तारांवाटे त्यांच्याकडे येत. मैदानावरील पंचाच्या कानात एक छोटे यंत्र असे. त्यातून दोघांचे बोलणे चाले. मात्र व्हिडिओ पंचाने वाटेल तेव्हा बोलावयाचे नाही, असा दंडक घालण्यात आला. त्या वर्षी त्यासाठी चारच प्रसंग नेमून देण्यात आले: गोल झाला की नाही, पेनल्टी द्यावयाची की नाही, थेट लाल कार्डाचा अपराध घडला की नाही, आणि एकाच्या अपराधाचे कार्ड चुकून दुसऱ्याच खेळाडूला दाखविले गेले की काय. या चारांतही पंचाची चूक स्वच्छ आणि उघड असेल, अथवा एखादी गंभीर घटना त्याच्या नजरेतून सुटली असेल, तरच मध्ये पडावयाचे. हस्तक्षेप थोडा आणि लाभ मोठा, हे या योजनेचे सूत्र होय.

यात आणखी एक मर्म आहे. आधी निर्णय मैदानावरील पंचानेच द्यावयाचा असतो. ‘मला कळत नाही, तुम्हीच पाहून सांगा,’ असे म्हणण्याची त्याला मुभा नाही. व्हिडिओ पंच केवळ सूचना देतो. मग मुख्य पंच दोन्ही हातांनी हवेत पडद्याचा चौकोन काढून दाखवितो, मैदानाच्या कडेला ठेवलेल्या पडद्यावर ते दृश्य स्वतः पाहतो आणि आपला पहिला निर्णय कायम ठेवतो किंवा बदलतो. अखेरचा शब्द त्याचाच राहतो. एखाद्या खेळाडूने अशी चौकोनाची खूण करून पंचाकडे पडद्याचा हट्ट धरला, तर त्यालाच पिवळे कार्ड मिळू शकते. न्याय मागता येतो. पण न्यायाधीशाला धारेवर धरता येत नाही.

या योजनेचा प्रताप त्याच स्पर्धेत दिसून आला. २७ जून २०१८ रोजी कझान येथे दक्षिण कोरियाचा सामना आदल्या वेळच्या विजेत्या जर्मनीशी होता. सामना संपत आला असता कोरियाच्या किम यंग-ग्वॉनने चेंडू जाळ्यात मारला. पण सहायकाने ऑफसाइडचे निशाण उंचावले. चित्रफीत पाहिल्यावर आढळले की, किमकडे चेंडू आला तो कोरियाच्या नव्हे, तर जर्मनीच्याच खेळाडूकडून. मग ऑफसाइड कसला? गोल दिला गेला, पुढे आणखी एक गोल झाला आणि बलाढ्य जर्मनी स्पर्धेबाहेर पडली. पडद्यावर लहान-मोठा असा भेद नसतो, हे कोरियाच्या खेळाडूंनी अनुभवले.

ऑफसाइडचा नियम पंचांची सर्वांत कठीण परीक्षा घेतो. सहकारी जेव्हा चेंडू मारतो, नेमक्या त्या क्षणी प्रतिपक्षाच्या अर्ध्या मैदानातील खेळाडू चेंडूच्याही पुढे आणि प्रतिपक्षाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असेल, तर तो ऑफसाइड ठरतो. म्हणजे सहायक पंचाने एकाच क्षणी दोन ठिकाणी पाहावयाचे: चेंडू मारणाऱ्याच्या पायाकडे आणि चाळीस-पन्नास पावले दूर धावणाऱ्या खेळाडूकडे. माणसाचे डोळे दोन असले तरी नजर एकच असते. म्हणून २०२२ सालच्या कतार येथील विश्वचषक स्पर्धेत या कामी नवे साधन आणले गेले. मैदानाच्या छताखाली बसविलेले बारा कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या देहावरील २९ बिंदूंची जागा सेकंदाला ५० वेळा टिपत असत. चेंडूच्या पोटात बसविलेले संवेदक यंत्र सेकंदाला ५०० वेळा संदेश धाडी. त्यामुळे पाय चेंडूला कोणत्या क्षणी लागला आणि त्या क्षणी कोण कोठे होता, हे काही सेकंदांत समजे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी उद्घाटनाच्याच सामन्यात, तिसऱ्याच मिनिटाला, एक्वाडोरच्या एनर व्हॅलेन्सियाचा गोल या तंत्राच्या साहाय्याने रद्द ठरला.

त्याच स्पर्धेत १ डिसेंबर रोजी जपान आणि स्पेन यांच्या सामन्यात घडलेला प्रसंग तर भूमितीचा पाठच होता. चेंडू स्पेनच्या गोलच्या बाजूने बाहेर चालला होता. जपानच्या काओरू मितोमाने धावत जाऊन, अगदी शेवटच्या क्षणी तो मागे वळविला आणि आओ तानाकाने गोल केला. कडेने घेतलेल्या छायाचित्रांत चेंडू आणि रेषा यांच्यामध्ये हिरवे गवत स्पष्ट दिसत होते. तरीही तपासणीनंतर गोल कायम राहिला! यात चूक कोणतीच नव्हती. रेषा हा मैदानाचाच भाग आहे आणि संपूर्ण चेंडू रेषेपलीकडे गेल्याखेरीज तो बाहेर गेला, असे म्हणता येत नाही. चेंडूचा व्यास सुमारे २२ सेंटिमीटर असतो. त्याचा तळ जमिनीला टेकतो ती जागा रेषेच्या बाहेर असली, तरी त्याचे फुगलेले अंग रेषेवर असू शकते. अंगणात खडूने रेघ ओढून तिच्या जरा पलीकडे चेंडू ठेवावा आणि तो आधी कडेने, मग वरून पाहावा. म्हणजे हे सहज ध्यानात येईल. गवंडी भिंतीला जसा ओळंबा लावतो, तसा चेंडूच्या कडेवरून ओळंबा सोडला असता तो रेषेवर पडला, तर चेंडू मैदानातच आहे. जपानने तो सामना २-१ असा जिंकला. डोळ्याने पाहिलेलेही कधी कधी फसवे असते. कोठून पाहिले, हेही पाहावे लागते.

याचा अर्थ यंत्र आले आणि सारे वाद संपले, असा मात्र नाही. २०१८ सालच्या अंतिम सामन्यात फ्रान्सला पेनल्टी द्यावी की नाही, हे ठरविण्यासाठी अर्जेंटिनाचे पंच नेस्तोर पिताना पडद्याजवळ गेले. क्रोएशियाच्या इव्हान पेरिसिचच्या हाताला चेंडू लागलेला स्वच्छ दिसत होता. पण तो अपराध होता की अपघात? हे कॅमेरा सांगू शकत नव्हता. पितानांनी पुन्हा पुन्हा पाहिले आणि पेनल्टी दिली. फ्रान्सने सामना ४-२ असा जिंकला. त्या निर्णयावर जाणकारांत दोन पक्ष पडले. संथ गतीचे चित्र तर कधी कधी दिशाभूलही करते. खऱ्या वेगात सहज लागलेला धक्का संथ चित्रात मुद्दाम दिल्यासारखा भासतो. म्हणून पंचांना अशी शिकवण दिली जाते की, स्पर्श नेमका कोठे झाला हे पाहण्यासाठी संथ चित्र पाहावे. पण आघात किती जोराचा होता हे ठरविताना चित्र खऱ्या वेगातच पाहावे.

कधी यंत्र बिनचूक असते आणि माणसाचे शब्द चुकतात. ३० सप्टेंबर २०२३ रोजी लंडनमध्ये टॉटनहॅम आणि लिव्हरपूल या इंग्लंडमधील दोन क्लबांच्या सामन्यात लिव्हरपूलच्या लुईस डियाझचा योग्य गोल सहायकाने ऑफसाइड ठरविला. व्हिडिओ पंचाने चित्र पाहिले, खेळाडू ऑफसाइड नाही हेही ओळखले. पण मैदानावर गोल दिला गेला आहे अशा समजुतीने त्याने ‘तपासणी पूर्ण झाली’ एवढेच कळविले. पंचाने त्याचा अर्थ ‘तुमचा निर्णय बरोबर’ असा घेतला. चूक ध्यानात येईपर्यंत खेळ पुन्हा सुरू झाला होता आणि त्यानंतर मागे जाण्यास नियमाची आडकाठी होती. पडद्यावर सत्य दिसत असूनही न्याय झाला नाही. स्पष्ट बोलणे आणि ऐकणे यांचे मोल अशा वेळी कळते. त्याच वर्षी ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे झालेल्या महिलांच्या विश्वचषक स्पर्धेत पडद्यावर दृश्य पाहून आल्यावर पंच आपला निर्णय ध्वनिक्षेपकावरून सर्व प्रेक्षकांना ऐकवू लागल्या, हे म्हणूनच मोठे स्तुत्य पाऊल होय.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आणखी वेगळा आहे. ही साधने फार खर्चाची असल्याने ती सर्वत्र नसतात. याची झळ भारतालाही बसली आहे. ११ जून २०२४ रोजी दोहा येथे विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारताचा सामना कतारशी होता. मिझोरामचा, त्या काळी मुंबई सिटी संघाकडून खेळणारा लालियानझुआला छांगटे याने भारताला १-० अशी आघाडी मिळवून दिली होती. विजय मिळाला असता तर भारत पुढच्या फेरीत गेला असता. त्र्याहत्तराव्या मिनिटाला भारताचा गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधू याने अडविलेला चेंडू गोलखांबाच्या बाजूने रेषेबाहेर गेला. तो बाहेरून ओढून आणण्यात आला आणि कतारच्या खेळाडूने तो जाळ्यात मारला. भारतीय खेळाडूंनी परोपरीने विनविले. पण गोल दिला गेला. पुढे आणखी एक गोल होऊन भारत १-२ असा हरला. त्या फेरीत व्हिडिओ सहायक पंचाची सोय नव्हती. भारतीय फुटबॉल महासंघाने तक्रार केली. निकाल मात्र बदलला नाही. जपानच्या वेळी रेषेवर तरंगणारी चेंडूची कडही मोजली गेली आणि भारताच्या वेळी उघड बाहेर गेलेला चेंडू कोणी पाहिला नाही! न्यायाची साधने काहींनाच मिळाली, तर तो न्याय अपुरा राहतो.

ही उणीव दूर करण्याचे प्रयत्न चालू झाले आहेत. २०२४ साली कोलंबियात झालेल्या वीस वर्षांखालील मुलींच्या विश्वचषक स्पर्धेत थोड्या कॅमेऱ्यांवर भागणारी, स्वस्त अशी एक पद्धत वापरून पाहण्यात आली. तीत पडद्यांसमोर बसणारे वेगळे पंच नसतात. संघाच्या प्रशिक्षकाला सामन्यात दोनदा फेरतपासणी मागता येते आणि मुख्य पंच स्वतः चित्र पाहून निर्णय देतो. अशी साधने लहान देशांच्या मैदानांपर्यंत पोचली, तर पुष्कळांचे अश्रू पुसले जातील.

पण मैदानावर आणखी एक साक्षीदार असतो. त्याला कॅमेरा लागत नाही आणि तारही लागत नाही. तो म्हणजे खेळाडूचे स्वतःचे मन. १९८६ साली चेंडूला हात लागला हे मॅराडोनाला त्याच क्षणी ठाऊक होते. २६ सप्टेंबर २०१२ रोजी इटलीत नेपोली आणि लाझिओ या क्लबांचा सामना झाला. लाझिओकडून खेळणारा जर्मनीचा मिरोस्लाव्ह क्लोझ हा त्या काळचा नामांकित खेळाडू. विश्वचषक स्पर्धांत मिळून त्याने एकंदर १६ गोल केले. त्या दिवशी त्याच्या हाताला लागून चेंडू जाळ्यात गेला. पंचांनी गोल दिला. क्लोझ स्वतः पंचांकडे गेला आणि चेंडू आपल्या हाताला लागल्याचे त्याने सांगितले. गोल रद्द झाला. प्रतिपक्षाच्या खेळाडूंनी पुढे येऊन त्याचा हात हाती घेतला. त्याच्या संघाने तो सामना ०-३ असा गमावला. पण त्या दिवशी मैदानावर कोणत्याही पडद्याची गरज भासली नाही.